समुपदेशन कक्षापर्यंतची वाट: एका शालेय सेवेचे परीक्षण

पुण्याच्या उपनगरातील ज्या शाळेत माझी मुलगी नववीत शिकते, त्या शाळेने दोन वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचे काम एका खाजगी संस्थेकडे सोपवले. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर असल्यामुळे या सेवेचा करार, तिचे शुल्क आणि सत्राअखेरीचे अहवाल माझ्या नजरेखालून गेले आहेत, शिवाय पालक म्हणून आमच्या घरानेही तिचा लाभ घेतला आहे. आपल्या शाळेत अशी सेवा आणावी की नाही, अशी विचारणा ओळखीचे पालक अलीकडे वारंवार करतात, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. शाळेचे आणि संस्थेचे नाव मात्र देत नाही. नाव दिले की त्या कक्षात जाणारी मुले ओळखू येतील, आणि कक्षात जाताना ओळखले जाण्याची भीती हाच या सेवेपुढचा सर्वांत मोठा अडथळा आहे.

सेवेसाठी विद्यार्थ्यामागे वर्षाला ६०० रुपये आकारले जातात. त्या बदल्यात शाळेला एक पूर्णवेळ समुपदेशिका, दर शनिवारी येणाऱ्या आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, शिक्षकांसाठी प्रशिक्षण, पालकांसाठी बैठका आणि प्रत्येक सत्रात विद्यार्थ्यांसाठी एक व्याख्यान एवढे मिळते. कागदावर हे पुरेसे आहे. मी मात्र एकाच कसोटीवर ही सेवा तपासली: खरोखर नैराश्याने ग्रासलेला, चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी वर्गात कोणताही शिक्का न बसता त्या खोलीपर्यंत पोहोचू शकते का?

ही कसोटी निवडण्यामागे कारण आहे. युनिसेफच्या २०२१ च्या जागतिक अहवालासाठी एकवीस देशांत पाहणी झाली. मानसिक आरोग्याच्या अडचणीत इतरांची मदत घेणे चांगले, असे मानणाऱ्या १५ ते २४ वयोगटातील तरुणांचे सरासरी प्रमाण त्या देशांत ८३ टक्के होते, तर भारतात ते अवघे ४१ टक्के होते. निम्म्याहून अधिक तरुणांना मदत मागणेच अयोग्य वाटत असेल, तर खोली, खुर्ची आणि समुपदेशिका यांची सोय झाल्याने काम पूर्ण झाले असे म्हणता येत नाही. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले होते. त्या सर्वेक्षणातील बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता आणि हा आकडा केवळ नैराश्याचा नाही, त्यामुळे तो आपल्या शाळेला जसाच्या तसा लावू नये हे खरे. तरीही आठवी ते दहावीच्या पाचशे मुलांमध्ये पस्तीसच्या आसपास मुले कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराशी झुंजत असू शकतात, एवढा अंदाज त्यावरून बांधता येतो. आमच्या शाळेतील पहिल्या सत्राच्या अहवालात मात्र कक्षात आलेल्या बहुतेक मुलांच्या नावापुढे ‘अभ्यासाचे नियोजन’ आणि ‘करिअर मार्गदर्शन’ हीच कारणे होती. उदासीनता, झोप न लागणे, कशातच मन न रमणे, असे कारण सांगून आलेले जवळपास कोणी नव्हते. शाळेच्या व्यवस्थापनाला हा अहवाल समाधानकारक वाटला, मला तो काळजी वाढवणारा वाटला.

समुपदेशिकांच्या कामाबद्दल मला तक्रार नाही, उलट या सेवेतील सर्वांत भक्कम बाजू त्याच आहेत. किशोरवयातील नैराश्य पुष्कळदा उदास चेहऱ्याने समोर येत नाही. ते चिडचिडेपणाच्या, उलट उत्तरांच्या, पोटदुखीच्या आणि डोकेदुखीच्या रूपाने येते आणि घरात-शाळेत त्याला ‘वयाचा दोष’, ‘आळस’ किंवा थेट ‘नाटके’ असे नाव मिळते. रुजू झाल्यावर या बाईंनी सर्वांत आधी प्रथमोपचार कक्षाची वही मागवून घेतली आणि केवळ गणिताच्या किंवा घटक चाचणीच्या दिवशीच नव्हे, तर कोणत्याही दिवशी, पुन्हा पुन्हा पोटदुखीची तक्रार घेऊन येणारी मुले कोण हे पाहिले. शिक्षकांच्या प्रशिक्षणातही त्यांनी व्याख्या सांगत बसण्याऐवजी हजेरीपट समोर ठेवले. दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल गप्प किंवा चिडलेले असेल, आवडीच्या खेळातून अंग काढून घेत असेल, डबा न खाता परत नेत असेल, तर कळवा. निदान करू नका, वर्गात त्याविषयी बोलू नका आणि मुलाला ‘तुला कसलं आलंय टेन्शन?’ असे विचारू नका, एवढेच त्यांचे सांगणे होते. वर्षानुवर्षे वर्ग सांभाळलेल्या शिक्षिकांनी त्या दिवशी आपापल्या वर्गातील नावे मनाशी आठवून पाहिली, असे त्यांच्यापैकी काहींनी नंतर मला सांगितले. या सेवेतील एकच गोष्ट राखायची झाली, तर मी हे प्रशिक्षण राखीन.

विद्यार्थ्यांसाठीच्या व्याख्यानाबद्दल असे म्हणता येत नाही. सभागृहात तीनशे मुले, पडद्यावर मेंदूचे चित्र, प्रसिद्ध व्यक्तींची छायाचित्रे आणि शेवटी ‘मनातले बोला’ असा संदेश, असा तो कार्यक्रम होता. बोलायला सांगणे सोपे असते. बोलणाऱ्याकडे शेजारच्या बाकावरून कसे पाहिले जाते, याबद्दल त्या तासाभरात कोणी अवाक्षर काढले नाही. पुढचे काही दिवस ‘डिप्रेशन’ हा शब्द आठवीच्या मुलांच्या तोंडी चिडवण्यासाठी आला, एवढाच परिणाम मला दिसला.

आता मूळ दोषाकडे येते. पहिल्या वर्षी एखाद्या मुलाला समुपदेशनासाठी बोलवायचे असेल, तर चालू तासाला शिपाई गुलाबी चिठ्ठी घेऊन वर्गात येत असे आणि शिक्षक नाव मोठ्याने वाचत असत. गुलाबी चिठ्ठी केवळ समुपदेशन कक्षाचीच असे, हे पहिल्या पंधरवड्यातच साऱ्या शाळेला ठाऊक झाले. चिठ्ठी दिसली की मागच्या बाकांवरून ‘येरवड्याचं तिकीट आलं’ अशी कुजबुज होई. नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा येथील चार मनोरुग्णालये ब्रिटिश काळापासून चालू आहेत. त्यांपैकी ठाण्याचे आणि येरवड्याचे नाव आपल्या बोलण्यात टोमणा म्हणून इतके रुळले आहे की, ज्या मुलांनी त्या रुग्णालयाची भिंतसुद्धा पाहिलेली नाही, तीही हे नाव अचूक जागी वापरतात. हे ती मुले शाळेत शिकलेली नाहीत. घरी टीव्हीपुढे, लग्नकार्यात, गाडीत बसल्या बसल्या आपण मोठी माणसेच ‘याला ठाण्याला न्यायला हवं’ असे हसत हसत म्हणत असतो. त्यामुळे कक्षात नेमके काय होते हे कळण्याआधीच तेथे जाणाऱ्याचे काय होते हे मुलांनी ठरवून टाकलेले असते.

कक्षाची जागा हा दुसरा दोष. मुख्याध्यापिकांचे दालन आणि फी भरण्याची खिडकी यांच्या मधली खोली कक्षासाठी दिली गेली होती. दार काचेचे आणि बाहेर एकच लांब बाक. भांडण केलेली, गृहपाठ न केलेली, मोबाइल सापडलेली मुले मुख्याध्यापिकांच्या बोलावण्याची वाट पाहत त्याच बाकावर बसत, आणि समुपदेशनासाठी आलेली मुलेही तेथेच. ये-जा करणाऱ्या प्रत्येक पालकाच्या नजरेत दोघेही सारखेच गुन्हेगार ठरत. खोली निवडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. कार्यालयाजवळची खोली वातानुकूलित होती आणि संस्थेला चांगली जागा द्यावी असे त्यांना वाटले होते. मुलांना मात्र थंड हवेपेक्षा आडोशाची गरज अधिक होती.

तिसरा दोष नोंदवहीचा. कक्षात शिरताना नाव, इयत्ता, तुकडी आणि भेटीचे कारण लिहावे लागे, आणि वही दाराशेजारच्या टेबलावर उघडी असे. आपल्या आधी कोण आले आणि कशासाठी आले, हे प्रत्येकाला वाचता येई. करियर मार्गदर्शनाच्या नोंदी इतक्या का भरल्या, याचे उत्तर मला तेथे मिळाले. एनसीईआरटी या केंद्राच्या शालेय शिक्षणविषयक संस्थेने २०२२ मध्ये देशभरातील ३,७९,८४२ विद्यार्थ्यांची पाहणी केली तेव्हा नाव लिहिणे ऐच्छिक ठेवले होते, आणि ८१ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास, परीक्षा व निकाल ही आपल्या चिंतेची कारणे असल्याचे सांगितले. एवढ्या मोठ्या पाहणीत जी काळजी घेता आली, ती एका शाळेच्या टेबलावर घेणे अवघड नव्हते.

पालकांच्या बाजूचा अनुभव याहून गुंतागुंतीचा आहे. पहिल्या बैठकीत एका वडिलांनी, मुलाशी काय बोलणे झाले याचा सगळा तपशील आम्हाला मिळालाच पाहिजे, असा आग्रह धरला. एका आईची चिंता वेगळी होती. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ आणि ‘शेरा’ असे रकाने असतात, त्यांत समुपदेशनाचा उल्लेख येणार का, आणि आल्यास अकरावीच्या प्रवेशाचे काय, असे त्यांनी विचारले. कोणीतरी मागून मुलीच्या पुढच्या लग्नाचाही विषय काढला. काहींना हसू आले, पण मला तो प्रश्न हसण्यासारखा वाटला नाही, कारण नववीतल्या मुलीच्या उपचाराचा निर्णय अजूनही दहा वर्षांनंतरच्या स्थळाच्या हिशेबाने घेणारी घरे माझ्या ओळखीत आहेत. दाखल्यावर किंवा प्रगतिपुस्तकात असा कोणताही उल्लेख येणार नाही, हे मुख्याध्यापिकांनी लेखी कळवल्यावर संमतिपत्रे येऊ लागली. तोंडी आश्वासनाने ती आली नव्हती.

संमतिपत्राची रचनाही आधी चुकलेलीच होती. प्रत्येक भेटीआधी पालकांची सही मागितली जात असल्याने, ज्या मुलाला घरी काही सांगता येत नाही म्हणून समुपदेशिकांशी बोलायचे आहे, त्याला आधी घरीच सांगावे लागत होते. त्यात भर म्हणून ‘कुटुंबात कोणाला मानसिक आजार आहे काय’ असा रकाना वर्गशिक्षिकेमार्फत जमा होणाऱ्या त्याच कागदावर होता. साहजिकच तो बहुतेकांनी कोरा सोडला. आता जूनमध्ये वर्षभरासाठी एकच संमती घेतली जाते आणि कौटुंबिक माहिती, गरज पडल्यास, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ समोरासमोर विचारतात.

गोपनीयतेच्या बाबतीत वडिलांच्या त्या आग्रहाला संस्थेने दिलेले उत्तर मला पटले. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधील कलम २३ उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क देते. जिवाला धोका असेल तेव्हा माहिती देण्याची मुभाही त्याच कलमात आहे, आणि अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकांना कायद्याने स्थान आहे. त्यामुळे समुपदेशिका मुलाला पहिल्याच भेटीत सांगतात की, तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर मी आईवडिलांना सांगणारच, बाकीचे तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही. माझी मुलगी त्यांच्याकडे जाऊन आली. ती तेथे काय बोलली हे मला ठाऊक नाही, आणि न विचारता राहणे मला वाटले होते त्यापेक्षा बरेच जड गेले. मात्र याच संस्थेच्या करारात ‘जोखमीच्या विद्यार्थ्यांची नावांसह मासिक यादी’ व्यवस्थापनाला देण्याचे कलम होते. एका हाताने दिलेली गोपनीयता दुसऱ्या हाताने काढून घेण्याचा हा प्रकार आमच्या समितीने आक्षेप घेईपर्यंत कोणाच्या लक्षातही आला नव्हता, कारण करार पालकांपैकी कोणी वाचलाच नव्हता.

दुसऱ्या वर्षी झालेले बदल साधे होते आणि त्यांना जवळजवळ काहीच खर्च आला नाही. कक्ष दुसऱ्या मजल्यावर, ग्रंथालय आणि संगीताची खोली यांच्या शेजारी गेला. त्या बाजूला मुले दिवसभर येत-जात असल्याने कोण कोठे वळले हे कळत नाही. गुलाबी चिठ्ठी बंद झाली आणि ग्रंथालय, क्रीडा विभाग, कार्यालय व समुपदेशन या सर्वांसाठी एकाच पांढऱ्या चिठ्ठीवर केवळ खोलीचा क्रमांक लिहिला जाऊ लागला. उघडी वही गेली. सर्वांत उपयोगी ठरलेला बदल समुपदेशिकांनी स्वतः सुचवला होता: पहिल्या सत्रात आठवी आणि नववीचा प्रत्येक विद्यार्थी, हजेरीपटाच्या क्रमाने, एकदा पंधरा मिनिटांसाठी त्यांना भेटेल. वर्गात पहिला येणारा जातो, क्रिकेट संघाचा कर्णधार जातो, दंगेखोर जातो आणि गप्प बसणारी मुलगीही जाते. सगळ्यांनाच जावे लागते म्हटल्यावर तिकिटाचा विनोद फार काळ टिकला नाही. या पंधरा मिनिटांत फारसे काही निघत नाही, पण दार कसे आहे, आत कोण बसते आणि तेथे रागावले जात नाही, एवढे कळते. दुसऱ्यांदा येणाऱ्याला ते पुरते. यंदाच्या सत्राअखेरीच्या अहवालात स्वतःहून परत आलेल्या मुलांचा रकाना प्रथमच भरलेला दिसला आणि कारणांच्या रकान्यात झोप, रडू, एकटेपणा असे शब्द आले. अहवाल आता नावांशिवाय असतो. शाळेतील नैराश्य त्यामुळे कमी झाले, असे म्हणण्याइतका पुरावा यात नाही. लपून राहिलेले काही दिसू लागले, एवढेच म्हणता येईल.

मुलगे अजूनही कमी येतात. ‘पोरीसारखा रडतोस काय’ हे वाक्य जेथे मैदानावर खेळ शिकवणाऱ्या मोठ्यांच्या तोंडूनच ऐकू येते, तेथे पांढऱ्या चिठ्ठीने फार फरक पडणार नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणातून क्रीडा शिक्षक आणि स्कूलबसचे मदतनीस वगळले गेले, ही मला मोठी उणीव वाटते. मुलांची खरी चेष्टा बसमध्येच होते.

शाळेबाहेरच्या उपचारांबाबत संस्थेची कामगिरी मध्यम आहे. औषधोपचाराची गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्यासाठी दिलेल्या यादीत आधी केवळ खाजगी दवाखाने होते, ज्यांच्या एका भेटीचे शुल्क वर्षभराच्या सेवा शुल्कापेक्षा जास्त भरते. आमच्या सूचनेनंतर ससून रुग्णालयाच्या मनोविकार विभागाचा आणि सरकारी रुग्णालयांतील किशोरवयीनांसाठीच्या ‘मैत्री’ क्लिनिकचा त्यात समावेश झाला. ‘गोळ्यांची सवय लागते’ या पालकांमधील सर्वांत चिवट समजावर मात्र चिकित्सा मानसशास्त्रज्ञांनी घेतलेली बैठक उत्तम होती. सर्वांनाच औषधे लागत नाहीत, सौम्य त्रासात बोलण्याच्या उपचारांवर भर असतो, नैराश्यावरील औषधांचे व्यसन लागत नाही आणि ती स्वतःच्या मनाने एकदम बंद मात्र करायची नसतात, हे त्यांनी शांतपणे सांगितले आणि पुढचा प्रत्येक निर्णय मानसोपचारतज्ज्ञांवर सोपवला.

ही सेवा दुपारी शाळा सुटली की संपते, आणि दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुट्टीत तर नसतेच. दहावीचा निकाल लागतो तेव्हा शाळा बंद असते, हे शाळेला सेवा विकणाऱ्यांना ठाऊक नसेल असे नाही. या काळासाठी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून चालवलेली ही सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असते आणि तेथे मराठीत बोलता येते. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमणे आवश्यक ठरवले आहे, आणि टेली-मानससारख्या हेल्पलाइनचे क्रमांक ठळकपणे लावण्यासही सांगितले आहे. आमच्या शाळेने तो फलक प्रवेशद्वाराजवळ, सुवर्णपदकांच्या कपाटाशेजारी लावला. तेथे उभे राहून क्रमांक टिपून घेण्याचे धाडस कोणते मूल करील? समितीने आग्रह धरल्यावर तोच क्रमांक स्वच्छतागृहांच्या दारांवर आतल्या बाजूने चिकटवला गेला. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो वडिलांच्या खिशात असतो, तेथील मुलाला या क्रमांकाचाही फार उपयोग नाही, म्हणून शाळेच्या कार्यालयाऐवजी समुपदेशन कक्षातून मुलांना एकट्याने फोन लावू देण्याची सोय हवी, अशी आमची मागणी आहे. ती अद्याप मान्य झालेली नाही.

६०० रुपयांत ही सेवा महाग नाही. किंमत समुपदेशिकांच्या पात्रतेवर आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणावर खर्च होत असेल, तर दिलीच पाहिजे. व्याख्याने, भित्तिपत्रके आणि ‘जागरूकता सप्ताह’ यांच्यावर खर्च होत असेल, तर देऊ नये. न्यायालयाच्या निर्देशांनंतर अनेक शाळा घाईघाईने अशा संस्थांशी करार करत आहेत. आपल्या शाळेत तसा प्रस्ताव आला तर पालकांनी कार्यक्रमांच्या यादीआधी खोली कोठे आहे हे जाऊन पाहावे, मुलाला वर्गातून कसे बोलावले जाते हे विचारावे, आणि व्यवस्थापनाला कोणता अहवाल जातो, त्यात नावे असतात का, हे करारात वाचून घ्यावे. आमच्याकडे पहिल्या वर्षी या तिन्ही ठिकाणी चूक झाली होती आणि समुपदेशिका चांगल्या असूनही त्या वर्षभर जवळजवळ रिकाम्या बसून होत्या.

करार पुढील तीन वर्षांसाठी वाढवण्याचा ठराव गेल्या बैठकीत आला, तेव्हा मी बाजूने मत दिले. नावांची मासिक यादी देण्याचे कलम कायमचे वगळावे, क्रीडा शिक्षक व बसवरील मदतनिसांना प्रशिक्षणात घ्यावे आणि दहावीच्या निकालानंतरचा आठवडा कक्ष उघडा ठेवावा, अशा तीन अटी मी लेखी जोडल्या. पहिली संस्थेने लगेच मान्य केली, दुसरीवर वेळापत्रक पाहून कळवतो असे उत्तर आले, आणि तिसरीसाठी वेगळे शुल्क मागितले आहे.